सात डॉलरची नाव

१८४२चा जानेवारी मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावाला वाईट गेला. वर्षाच्या पहिल्याच दिवशी जॉन थोरो वस्तऱ्याला धार लावत होता आणि बोटाचं टोक कापलं. जखम एवढीशी, की चिंधी गुंडाळली आणि विसरून गेला. आठवड्याभरातच धनुर्वात झाला, जबडा आवळला आणि ११ तारखेला धाकट्या भावाच्या, हेन्रीच्या, हातात त्याने प्राण सोडला. हेन्री रडला नाही. गप्प बसून राहिला. मग काही दिवसांनी त्याचाच जबडा आवळायला लागला. अंगावर कुठे ओरखडाही नाही, पण लक्षणं सगळी भावाची. घरच्यांनी त्याचीही आशा सोडली होती. तो वाचला. पण त्याच महिन्याच्या २७ तारखेला, ज्या घरात तो गेले काही महिने मुक्कामाला होता त्या राल्फ वॉल्डो इमर्सनच्या घरी, पाच वर्षांचा वॉल्डो स्कार्लेट फीवरने गेला. हा मुलगा हेन्रीच्या मागेमागे फिरायचा.

त्याच जानेवारीत तिकडे फिलाडेल्फियात एडगर ॲलन पोची बायको व्हर्जिनिया घरात गात होती. गाता गाता तिच्या तोंडातून रक्त आलं. ती आणखी पाच वर्षं जगली, पण म्हणजे पाच वर्षं मरत राहिली. पोने ती पाच वर्षं रोज पाहिली.

हे प्रसंग एकमेकांशेजारी ठेवण्याची पद्धत नाही. आपल्याकडे बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय शिकवताना रोमँटिक म्हटलं की वर्ड्सवर्थ, शेली, कीट्स. अमेरिकन मंडळी मागून पुरवणीसारखी येतात आणि तीही दोन खणांत वाटलेली. एका खणात इमर्सन आणि थोरो: निसर्ग, आत्मविश्वास, सकाळचं ऊन. दुसऱ्या खणात पो, हॉथॉर्न, मेलव्हिल: पाप, वेड, तळघर. परीक्षेला ही वाटणी बरी पडते. पुढे त्यांची चरित्रं आणि रोजनिश्या वाचायला घेतल्या तेव्हा दोन्ही खणांतली माणसं एकाच नदीत एकच नाव वल्हवताना दिसायला लागली. हे मी शब्दशः म्हणतो आहे. त्या नावेकडे येतोच.

आधी इमर्सन. उजेडाचा हा प्रवक्ता. त्याची पहिली बायको एलेन १८३१च्या फेब्रुवारीत क्षयाने गेली, जेमतेम एकोणीस वर्षांची. तो बॉस्टनमध्ये पाद्री होता. रोज चालत तिच्या थडग्यापर्यंत जायचा. पुढच्या वर्षी मार्चअखेरीस एका दिवशी त्याने थडग्यात जाऊन तिची शवपेटी उघडली. रोजनिशीत याची नोंद एका ओळीची आहे. काय दिसलं, काय वाटलं, एक अक्षर नाही. त्याच वर्षी त्याने पाद्रीपद सोडलं. चार वर्षांनी, १८३६ मध्ये, ‘नेचर’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. मोकळ्या माळावर उभा असताना आपला ‘मी’ विरघळून जातो आणि ईश्वरी प्रवाह आपल्यातून वाहू लागतो असं सांगणारं. अमेरिकेच्या उजेडाची ती गंगोत्री मानतात. मी मानतो की त्या गंगोत्रीच्या उगमाशी एक उघडी पेटी आहे.

हीच घटना पोच्या हातात पडती तर? त्याने मेणबत्त्या पेटवल्या असत्या, पडदे हलवले असते, प्रेताच्या गालावर लाली आणली असती. ‘लायजीया’ १८३८ची; तिच्यात मेलेली बायको दुसऱ्या बायकोच्या देहातून परत येते. वाचताना काटा येतो खरा, पण थोडा वेळच. इमर्सनची ती एक ओळ मात्र अंगातून जात नाही. आणि वॉल्डो गेल्यावर दोन वर्षांनी इमर्सनने ‘एक्स्पीरियन्स’ हा निबंध लिहिला. त्यात तो सांगतो की मुलगा गेल्यावर त्याला एखादी छानशी मालमत्ता हातची गेल्यासारखं वाटलं, त्याहून जवळ काही येईना. दुःख आपल्याला काही शिकवत नाही, हेच मोठं दुःख. तो काळ भावनेला परमेश्वर मानणारा, आणि त्यातला सर्वांत मोठा आशावादी म्हणतो की भावना पोहोचतच नाही. त्या पिढीच्या सगळ्या वाङ्मयात याच्याइतकं अंधारलेलं पान मला दुसरं माहीत नाही. पोचा एकही मुडदा त्याच्या जवळपास येत नाही.

युरोपात रोमँटिक वाऱ्याने जे केलं ते ढोबळपणे असं: सत्याची कचेरी डोक्यातून हृदयात हलवली. अमेरिकेत तो वारा आला तेव्हा जमीन प्युरिटनांनी दोनशे वर्षं नांगरून ठेवलेली होती. प्युरिटन माणूस रोज रात्री स्वतःच्या मनाची झडती घ्यायचा. आपण तारल्या गेलेल्यांपैकी की नरकात जाणाऱ्यांपैकी, याच्या खुणा शोधायचा. १८०० नंतर बॉस्टनच्या सुशिक्षित चर्चांनी तो नरक सभ्यपणे गुंडाळून ठेवला. इमर्सनने पुढची पायरी गाठली आणि देवच माणसाच्या आत आणून बसवला. पण झडतीची सवय राहिली होती ना! आत देव असेल तर आत आणखी कोण कोण आहे, हे बघायला कोणीतरी जाणारच होतं. देवाला घरात घेतलं की सैतानाला बाहेर ओसरीवर बसवता येत नाही, इतका साधा हा हिशोब होता आणि तो मांडला सेलमच्या एका लाजाळू माणसाने.

नथॅनियल हॉथॉर्न १८०४चा, जन्मतारीख नेमकी ४ जुलै. त्याचा पणजोबांच्याही मागचा पूर्वज जॉन हॅथॉर्न हा १६९२च्या सेलममधल्या चेटूक खटल्यांचा एक न्यायाधीश. त्या खटल्यांत एकोणीस जणांना फाशी दिलं गेलं. नंतर काहींनी जाहीर माफी मागितली. हॅथॉर्नने मागितल्याचं दिसत नाही. वंशजाने आपल्या आडनावात एक जादा अक्षर घातलं. त्याने हे पूर्वजांपासून लांब सरकायला केलं असं सांगतात. खरं कारण काही का असेना, अक्षर घातल्याने पूर्वज हटले नाहीत. कॉलेजातून १८२५ मध्ये परतल्यावर तो दहा-बारा वर्षं सेलममध्ये आईच्या घरात, वरच्या खोलीत, लिहीत बसला. ‘यंग गुडमन ब्राउन’ ही त्या खोलीतली कथा. एक तरुण नवरा रात्री जंगलात जातो आणि तिथल्या सैतानाच्या मेळ्यात त्याला गावातले सगळे सत्पुरुष, शिकवणारी म्हातारी, खुद्द आपली बायको दिसते. सकाळी सगळं पूर्ववत. स्वप्न होतं की खरं, लेखक सांगत नाही. पण ब्राउन पुढचं सगळं आयुष्य संशयात कुजत काढतो.

ही कथा ‘सगळे पापी आहेत’ असं सांगते असं शिकवतात. मला ते पटत नाही. हॉथॉर्नला भीती पापाची नाही, खात्रीची आहे. ब्राउनला खात्री झाली आणि तो संपला. पूर्वज न्यायाधीशालाही खात्रीच होती. स्वतःच्या निर्मळपणाविषयी ठाम असलेला माणूस शेजाऱ्याला फासावर चढवू शकतो, हे त्याच्या रक्तातलं ज्ञान होतं. म्हणून ‘द स्कार्लेट लेटर’मध्ये सर्वांत सुटसुटीत जगते ती छातीवर पापाची खूण मिरवणारी हेस्टर, आणि पोखरला जातो तो गावाने पवित्र मानलेला तरुण पाद्री.

आता नाव. १८३९ मध्ये जॉन आणि हेन्री थोरो या भावांनी स्वतःच्या हातांनी एक होडी बांधली आणि कॉनकॉर्ड व मेरिमॅक या नद्यांवरून सफर केली. जॉन गेला तो १८४२ मध्ये. त्याच वर्षीच्या जुलैत हॉथॉर्न लग्न करून कॉनकॉर्डमधल्या ‘ओल्ड मॅन्स’ या जुन्या घरात राहायला आला. नवदांपत्यासाठी परसात भाजीचे वाफे आधीच करून ठेवले होते ते हेन्रीने. शरदात हेन्रीने ती होडी हॉथॉर्नला सात डॉलरला विकली. पैशांची गरज होती, असं म्हणतात. मला वाटतं, ती होडी रोज डोळ्यांसमोर नको होती. हॉथॉर्नने तिला नवं नाव दिलं, ‘पाँड लिली’. आणि ती धड वल्हवताही येत नाही म्हणून कुरकुर करत शिकला.

तीन वर्षांनी, १८४५च्या ९ जुलैला, हॉथॉर्नच्या लग्नाचा वाढदिवस होता. रात्री त्याचा मित्र, कवी एलरी चॅनिंग, होडी मागायला आला. गावातली एक तरुण मुलगी बेपत्ता होती. शेतकऱ्याची लेक, शिकलेली, गावच्या शाळेत शिकवणारी. तिच्या वाचनाला आणि मनाला घरात जोडीदार नव्हता. नदीकाठी तिच्या वस्तू सापडल्या होत्या. लांब काठ्या आणि आकडे घेऊन माणसं अंधारात पाणी चाळत राहिली आणि शेवटी ती वर आली, हात पुढे धरून ताठरलेली. ते हात खाली करायचा प्रयत्न केला तरी होईनात. हॉथॉर्नने हे सगळं वहीत लिहून ठेवलं, बारकाव्यांसकट, आणि सात वर्षांनी ‘द ब्लिथडेल रोमान्स’मधल्या झेनोबियाच्या मरणासाठी जवळजवळ जसंच्या तसं वापरलं. मला त्याच्या या थंडपणाचा थोडा रागही येतो. पण नदीत मरणाऱ्या सुंदर स्त्रीचं जे गोडमिट्ट चित्र त्या काळच्या कवितांतून आणि मासिकांतून वाहत होतं, पोने तर सुंदर स्त्रीचा मृत्यू हाच कवितेचा सर्वांत काव्यमय विषय असं १८४६ मध्ये निबंधात लिहून टाकलं, त्या चित्राला या ताठ हातांनी कायमचा तडा गेला.

त्या रात्रीच्या बरोबर पाच दिवस आधी, ४ जुलैला, हेन्री थोरो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला होता. लोक समजतात तो तिथे ‘वॉल्डन’ लिहायला गेला. आधी तो लिहीत होता त्या होडीच्या सफरीचं पुस्तक. १८४९ मध्ये ते निघालं. भावाची आठवण हाच त्याचा प्राण, पण जॉनचं नाव पुस्तकात कुठेही येत नाही. ज्या माणसाच्या शरीराने भावाचा धनुर्वात स्वतःवर घेतला, त्याने लिहिताना नावही घेतलं नाही. हजार प्रती छापल्या, ७०६ परत आल्या; त्या त्याला स्वतःच्या घराच्या माडीवर चढवाव्या लागल्या. (वॉल्डनचा बर्फ मात्र खपला. १८४६-४७च्या हिवाळ्यात व्यापाऱ्यांची माणसं तळ्यावर बर्फ कापायला आली, आणि मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक आपल्या विहिरीचं पाणी पितील याची गंमत थोरोने लिहून ठेवली आहे. तो सकाळी गीता वाचायचा. त्याला हा व्यवहार बरोबरीचा वाटला.)

पो या गावगाड्यात नव्हता. कॉनकॉर्डवाल्यांची त्याने यथेच्छ टिंगल केली आणि इमर्सनने त्याला शब्दांचा खुळखुळा वाजवणारा माणूस म्हणून झटकून टाकलं. पो मासिकांत पोट भरत होता. किल्ले, भुयारं, खानदानी शाप हा माल युरोपातून, विशेषतः जर्मनीतून, आयात होतो असं टीकाकार म्हणत; पोचं उत्तर असं की माझी भीती जर्मनीची नाही, आत्म्याची आहे. हे त्याच्या सगळ्या कथांना लागू पडत नाही. ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’मधल्या वाड्यात लाकूडसामान फार आहे. पण १८४३ची ‘द टेल-टेल हार्ट’ घ्या. गावाचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत, एक म्हातारा, एक डोळा, एक कंदील. आपण वेडे नाही हे पटवून देण्यासाठी खुनी बोलत राहतो आणि जितका नेटका बोलतो तितका वेडा ठरतो. आपल्याकडच्या गोष्टींतल्या भुतांना पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, हडळ ओढ्याकाठी. तिन्हीसांजेला तिकडे जाऊ नये म्हणजे झालं. पोने तो पत्ता काढून घेतला. जायचं नाही तरी कुठे?

हा पत्ता काढून घेण्याची सुरुवात मात्र पोच्याही आधीची आहे. १७९८ मध्ये, इंग्लंडात ‘लिरिकल बॅलड्स’ निघाले त्याच वर्षी, चार्ल्स ब्रॉकडेन ब्राउनने ‘वीलँड’ ही कादंबरी काढली. पेनसिल्व्हेनियातला एक सुखवस्तू, विचारी गृहस्थ आवाज ऐकतो, तो देवाचा मानतो आणि बायको-मुलांना मारतो. काही आवाज एका पोटबोल्याने काढलेले असतात. शेवटचा कोणाचा, ते नीट उलगडत नाही. कादंबरी म्हणून ती विस्कळीत आहे, मध्ये कंटाळाही येतो. पण ब्राउनने तिची प्रत कोणाला पाठवली? थॉमस जेफरसनला. माणसाची बुद्धी आणि त्याचे कान-डोळे यांच्या भरवशावर प्रजासत्ताक उभारणाऱ्याला, त्या कानांचा काय नेम, असं विचारणारं पुस्तक. राष्ट्राचं वय तेव्हा पुरतं पंचवीसही नव्हतं.

मेलव्हिल जानेवारी १८४२ मध्ये पॅसिफिकमध्ये देवमाशांच्या शिकारीवरच्या जहाजावर होता. १८५०च्या ऑगस्टमध्ये त्याची हॉथॉर्नशी गाठ पडली आणि त्याच महिन्यात त्याने हॉथॉर्नवर एक बेभान लेख लिहिला. सही मात्र आपण व्हर्जिनियाचे आहोत अशा बतावणीची. हॉथॉर्नच्या उन्हामागे जो काळोख आहे त्याची मुळं मूळ पापाच्या जुन्या कल्पनेत आहेत आणि कोणताही खोल विचार करणारा माणूस तिच्यापासून पुरता सुटत नाही, असं त्याने त्यात मांडलं. पुढच्या वर्षी ‘मोबी-डिक’ हॉथॉर्नला अर्पण झालं. त्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी उलट १८५५च्या ‘बेनिटो सेरेनो’पाशी थांबतो.

अमासा डेलॅनो नावाच्या खऱ्या अमेरिकन कप्तानाच्या आठवणींवरून ती लिहिली. एका स्पॅनिश गुलामवाहू जहाजावर गुलामांनी उठाव करून ताबा घेतलेला आहे. परका कप्तान आल्यावर ते गुलाम असल्याचं सोंग आणतात. डेलॅनो दिवसभर त्या जहाजावर वावरतो आणि त्याला काही दिसत नाही. बाबो नावाचा ‘नोकर’ मालकाची दाढी करतो, वस्तरा गळ्यावर, आणि डेलॅनो मनात म्हणतो, किती इमानी माणसं ही. तो दुष्ट नाही. प्रसन्न, मदतशील, उमदा आहे. उजेडाच्या खणातला माणूस आहे. त्याचं भलेपणच त्याच्या डोळ्यांवरचं झापड. काळोखाचा पत्ता पोने काढून घेतला होता. मेलव्हिलने तो पुन्हा लिहिला.

आणि १८६० मध्ये, ‘द मार्बल फॉन’च्या प्रस्तावनेत, हॉथॉर्न तक्रार करतो की आपल्या देशात सावली नाही, प्राचीनता नाही, गूढ नाही, एखादा नयनरम्य काळाकुट्ट अन्याय नाही, लख्ख उन्हातली साधी भरभराट तेवढी आहे, अशा देशात अद्भुत कथा कशी लिहावी. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा यात उपरोध असेल असं धरून चाललो. आहेही कदाचित थोडा. पण हाच माणूस १८५२ मध्ये अध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या मित्राचं, फ्रँकलिन पियर्सचं, प्रचारचरित्र लिहितो आणि गुलामगिरी ही माणसांनी उपटायची गोष्ट नाही, दैव तिला योग्य वेळी नाहीशी करील, असं त्यात सांगतो. १८६० मध्ये देशात सुमारे चाळीस लाख माणसं गुलाम होती. खात्रीचा धोका ज्याने सर्वांत खोल ओळखला, त्याला स्वतःच्या उन्हाची इतकी खात्री!

सावली त्या देशात छापूनही येत होती. फ्रेडरिक डग्लसचं आत्मकथन १८४५च्या मे महिन्यात बॉस्टनला निघालं, ती नदीतली रात्र यायची होती तेव्हा. पहिल्याच प्रकरणात लहानगा फ्रेडरिक कपाटात दडून मावशीला चाबकाने फोडताना पाहतो. वेशीतून आत शिरावं तसा मी गुलामगिरीत शिरलो, असं तो त्या दृश्याविषयी म्हणतो. त्या काळच्या कुठल्याही भयकथेच्या दारापेक्षा ही वेस अरुंद आणि खरी आहे.

आणखी एक पुस्तक. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टन गावात हॅरिएट जेकब्स ही गुलाम बाई मालकाच्या हातून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या कोठीवरच्या माळ्यात लपली. लांबी नऊ फूट, रुंदी सात, आणि सर्वांत उंच जागी तीन फूट. उभं राहता येत नाही, उंदीर अंगावरून जातात. तिने गिरमिटाने भिंतीला भोकं पाडली आणि त्यातून रस्त्यावर खेळणारी स्वतःची मुलं पाहत राहिली. त्यांना हाक मारायची नाही. अशी जवळजवळ सात वर्षं. जॉन थोरो गेला, वॉल्डो गेला, व्हर्जिनियाच्या ओठांवर रक्त आलं, तेव्हा ती तिथेच आडवी होती. १८४२च्या उन्हाळ्यात निसटली. जिवंतपणी पुरलं जाण्याच्या भीतीवरची पोची कथा १८४४ची आहे.

जेकब्सने १८६१ मध्ये ‘लिंडा ब्रेंट’ या टोपणनावाने हे लिहून काढलं. लिहिताना तिने त्या काळच्या भावनाप्रधान कादंबरीचा घाट घेतला: वाचक भगिनींना हाक, छळणारा धनी, अब्रूची झुंज, आईचं काळीज. हृदयाशी बोलायची दुसरी भाषा तिच्या गोऱ्या वाचकांना येत नव्हती. पोने १८४५ मध्ये ‘व्हाल्डेमार’ची गोष्ट लिहिली होती. त्यात मरणाऱ्या माणसाला मोहनिद्रेत घालून मेल्यानंतरही महिनोनमहिने बोलतं ठेवतात. ती अनेकांनी खरी बातमी म्हणून वाचली, लंडनला तिची पुस्तिकाही निघाली. जेकब्सच्या पुस्तकाचं उलट झालं. विसाव्या शतकातल्या जाणत्या इतिहासकारांनीही ते फारच नाट्यमय, बहुधा संपादिकेने रचलेली कादंबरी, म्हणून बाजूला ठेवलं. नऊ बाय सातच्या माळ्यात सात वर्षं कोण काढील? जीन फेगन येलिन यांनी जेकब्सची पत्रं आणि जुने कागद जुळवून १९८७ मध्ये आवृत्ती काढली, तेव्हा लिंडा खरी, आजी खरी आणि माळाही खरा हे मान्य झालं. पुस्तक छापून तोवर सव्वाशे वर्षं झाली होती.